सेव्हिलचा बिशप इसिदोर आणि नावांची निरुक्ती

रत्नागिरी जिल्ह्यात मुचकुंदी नदी जेथे समुद्रास मिळते तेथे खाडीच्या उत्तर अंगास पूर्णगड हा एक लहानसा किल्ला आहे. त्याच्या नावाविषयी दोन कथा सांगितल्या जातात. शिवछत्रपतींच्या दुर्गबांधणीतील हा अखेरचा किल्ला. येथे ते कार्य पूर्ण झाले म्हणून हा पूर्णगड, ही पहिली कथा. दुसरी अधिक चमत्कृतिपूर्ण आहे. आकाराने हा किल्ला इतका आटोपशीर, की कोकण किनाऱ्यावरील किल्ल्यांच्या ओळीत तो पूर्णविरामाच्या टिंबासारखा दिसतो, म्हणून पूर्णगड.

भाषाशास्त्राच्या विद्यार्थ्यास या दोन्ही कथा खोडून काढण्यास फारसा वेळ लागू नये. पूर्णविरामाचे टिंब मराठीत आले ते छापखान्याबरोबर, एकोणिसाव्या शतकात. विरामचिन्हांची व्यवस्था मराठीत रुळविण्याचे श्रेय मेजर कँडी यांस दिले जाते. किल्ला तर १८१८ मध्ये इंग्रजांच्या हाती पडला तेव्हा जुनाच होता. त्यापूर्वीच्या मोडी लेखनात वाक्याच्या शेवटी टिंब देण्याची चाल नव्हती. तेव्हा ज्या चिन्हाची उपमा द्यावयाची ते चिन्हच नाव पडण्याच्या वेळी अस्तित्वात नव्हते. पहिल्या कथेची अडचण निराळी आहे. बांधकाम चालू असताना हा किल्ला शेवटचाच ठरणार हे बांधणाऱ्यास कसे कळावे? शिवाय किल्ल्याचा कर्ता म्हणून शिवछत्रपतींप्रमाणेच कान्होजी आंग्रे यांचेही नाव सांगितले जाते. म्हणजे ‘शेवटचा’ कोणाचा, हा प्रश्न उरतोच.

परंतु कथा खोटी ठरली की ती टाकून द्यावी, ही आपल्या विभागांतून रूढ झालेली सवय मला तपासून पाहावीशी वाटते. नावाचा उगम सांगणारी कथा उगमाविषयी चुकीची असूनही दुसऱ्या एखाद्या गोष्टीविषयी अचूक असू शकते. ती दुसरी गोष्ट कोणती, हे समजून घेण्यासाठी या लेखात एका परदेशी ग्रंथकाराचा परिचय करून द्यावयाचा आहे. सातव्या शतकात स्पेनमधील सेव्हिल येथे बिशप असलेल्या, आणि रोमन चर्चने ज्यास संत मानले त्या इसिदोरने, जगातील यच्चयावत वस्तूंचे ज्ञान त्यांच्या नावांच्या निरुक्तीतून मांडणारा वीस खंडांचा ग्रंथ रचला. त्यातील बहुसंख्य व्युत्पत्ती आजच्या कसोटीस उतरत नाहीत. तरीही सुमारे हजार वर्षे युरोपातील सुशिक्षित माणूस या ग्रंथावर पोसला गेला.

इसिदोरचा जन्म इ. स. ५६० च्या सुमाराचा. रोमन साम्राज्याचा पश्चिम भाग कोसळून सुमारे ऐंशी वर्षे झाली होती आणि स्पेनवर गॉथ या जर्मानिक जमातीच्या राजांचे राज्य होते. प्रजा बव्हंशी लॅटिन बोलणारी आणि कॅथलिक. राज्यकर्ते मात्र एरियन पंथाचे, म्हणजे ख्रिस्तास ईश्वराच्या बरोबरीचा न मानणारे. राजा आणि प्रजा यांच्यातील ही धर्माची फट बुजविण्यात इसिदोरच्या घराण्याचा मोठा वाटा आहे. थोरला भाऊ लेआंदर सेव्हिलचा बिशप होता. त्याच्या प्रभावाने राजा रेकारेद याने कॅथलिक मत स्वीकारले आणि ५८९ मधील तोलेदोच्या तिसऱ्या धर्मपरिषदेत त्याची जाहीर घोषणा झाली. दुसरा भाऊ फुल्गेंतिउस हाही बिशप झाला. बहीण फ्लोरेंतिना संन्यासिनी झाली. चारही भावंडांची गणना पुढे संतांत झाली. आपल्याकडे निवृत्ती, ज्ञानदेव, सोपान आणि मुक्ताबाई यांची आठवण येथे होणे अपरिहार्य आहे. मात्र साम्य भावंडांच्या संख्येपाशी संपते. एकीकडे वाळीत टाकलेली ब्राह्मण मुले आहेत. दुसरीकडे राजसत्तेला सल्ला देणारे घराणे आहे. ‘संत’ हा शब्द दोन्हीकडे एकच वापरावा लागतो ही भाषेची गैरसोय होय.

आईबाप लवकर वारल्याने इसिदोरचे शिक्षण लेआंदरच्या देखरेखीखाली झाले. या बालपणाविषयी नंतरच्या शतकांतील चरित्रकारांनी एक आख्यायिका जोडली आहे. अभ्यास जमत नाही म्हणून पोर शाळेतून पळाला आणि एका विहिरीपाशी येऊन बसला. काठाचा कठीण दगड पाण्याने व दोराने झिजून त्यास खाचा पडलेल्या त्याने पाहिल्या. नित्य आघाताने दगड झिजतो तर माझी बुद्धी का न सुधारावी, असे मनात येऊन तो परतला. मराठी वाचकास ही कथा नवी नाही. देवगिरीच्या यादवांच्या काळात हेमाद्रीच्या आश्रयाने ‘मुग्धबोध’ हे व्याकरण रचणारा बोपदेव याच्याविषयी आपण लहानपणापासून हेच ऐकत आलो आहोत: मंद विद्यार्थी, पाणवठ्यावरील दगड, घागरी ठेवून ठेवून त्यास पडलेला खळगा, आणि पुन्हा अभ्यासाकडे वळलेले मन. ज्यू परंपरेत रब्बी अकिवा याच्याविषयीही पाण्याने पोखरलेल्या दगडाची अशीच कथा आहे. तेथे नायक चाळीस वर्षांचा आहे एवढाच फरक. या तिघांपैकी कोणी कोणाकडून कथा उचलली याचा शोध घेण्यात मला फारसे स्वारस्य नाही. ही कथा व्याकरणकार, कोशकार आणि शास्त्रपंडित यांनाच चिकटते, हे अधिक बोलके आहे. कवीविषयी ती सहसा सांगितली जात नाही. कवीला प्रसाद होतो. वैयाकरण दगडासारखा झिजतो.

इ. स. ६०० च्या सुमारास लेआंदरच्या मृत्यूनंतर इसिदोर सेव्हिलचा बिशप झाला आणि ४ एप्रिल ६३६ रोजी मृत्यू येईपर्यंत त्या पदावर राहिला. काळाची जाणीव राहावी म्हणून सांगावयाचे तर बादामीचा चालुक्य दुसरा पुलकेशी त्याचा समकालीन होय; कोकणच्या मौर्यांवरील विजयाचा उल्लेख असलेला ऐहोळेचा शिलालेख ६३४ चा आहे. अल् बलाधुरी या इतिहासकाराने नोंदविलेली, ठाण्यावर आलेल्या अरबी आरमाराची पहिली स्वारीही ६३६ च्या सुमारासच धरली जाते. मृत्यू जवळ आलेला जाणून इसिदोरने चर्चमध्ये जाऊन अंगावर गोणपाट व राख घेतली, लोकांची क्षमा मागितली आणि आपले धन गरिबांस वाटले, असे रेदेम्प्तुस या त्याच्या धर्मसेवकाने लिहून ठेवले आहे.

त्याच्या नावावरील ग्रंथांची संख्या मोठी आहे: राजा सिसेबुत यास अर्पण केलेला निसर्गविषयक ग्रंथ, गॉथ राजांचा इतिहास, थोर पुरुषांची चरित्रे, मठांचे नियम, समानार्थक वाक्यांची एक विलक्षण प्रार्थनावजा रचना. या सर्वांहून ज्याने त्याचे नाव टिकविले तो ग्रंथ ‘एतिमोलोगिए’, म्हणजे व्युत्पत्ती. सारागोसाचा बिशप ब्राउलिओ याने हा ग्रंथ मागण्यासाठी त्याच्यामागे वर्षानुवर्षे तगादा लावला होता. त्यांचा पत्रव्यवहार उपलब्ध आहे आणि कोणत्याही काळच्या प्राध्यापकास तो वाचून संकोच वाटेल. इतके ते ‘लवकरच पाठवितो’ आणि ‘अद्याप आले नाही’ यांचे गाऱ्हाणे आहे. अखेर इसिदोरने अपुरी, न तपासलेली प्रत पाठविली आणि दुरुस्तीचे काम ब्राउलिओवर सोपविले. ग्रंथाची वीस खंडांतील विभागणी ब्राउलिओची आहे.

पहिला खंड व्याकरणाचा. पुढे वक्तृत्व व तर्क, गणित-संगीत-ज्योतिष, वैद्यक, कायदा व कालगणना, ग्रंथ व उपासना, ईश्वर व देवदूत, चर्च व पाखंड यांची मांडणी आहे. नवव्या खंडात भाषा, राष्ट्रे व नातेसंबंध आहेत. दहाव्यात माणसांना लावण्याची विशेषणे वर्णानुक्रमे लावली आहेत. त्यानंतर मनुष्यदेह, प्राणी, विश्व, पृथ्वी, नगरे व शेते, रत्ने व धातू, शेती, युद्ध व खेळ, नौका, वस्त्रे आणि अखेर स्वयंपाकघरातील व शेतातील अवजारे. आरंभ अक्षरापासून आणि शेवट भांडी, खाटा, घोड्याचा लगाम यांपाशी! विषयवार रचनेच्या दृष्टीने अमरकोश त्याच्या जवळचा वाटेल, आणि अमरकोशावरील क्षीरस्वामीसारख्यांच्या टीका शेजारी ठेवल्या तर आणखीच जवळचा. कारण तेथे प्रत्येक नामाचा विग्रह येतो. परंतु अमरसिंह पर्याय देतो, वस्तूचे वर्णन देत नाही. इसिदोर नाव, त्याचे कारण आणि वस्तूची माहिती ही तिन्ही एका दमात सांगतो. वारो, प्लिनी, सर्विउस, सोलिनुस, कासिओदोरुस अशा अनेकांचे त्याने घेतले, आणि पुष्कळदा मूळ ग्रंथ न पाहता मधल्या संग्रहांतून घेतले. त्याला चोर म्हणणारे विद्वान होऊन गेले. फ्रेंच विद्वान झाक फोंतेन याने १९५९ मधील आपल्या मोठ्या प्रबंधात इसिदोरच्या आधारांचा बारकाईने माग काढला, तेव्हापासून तो स्वर बराच मवाळ झाला.

आता मुख्य प्रश्नाकडे वळू. इसिदोरच्या मते नाव कोठून निघाले हे कळले की वस्तूचे सामर्थ्य लवकर कळते. यास्काचा अभ्यास केलेल्या वाचकास ही भूमिका परिचित आहे. सर्व नामे धातूंपासूनच निघाली, हे शाकटायनाचे व नैरुक्तांचे मत यास्क उचलून धरतो. गार्ग्याचे म्हणणे, सर्वच नामे तशी नाहीत. गार्ग्याचा आक्षेप मार्मिक आहे. रस्ता व्यापतो म्हणून अश्व, तर रस्ता व्यापणाऱ्या प्रत्येकास अश्व का म्हणत नाहीत? टोचते म्हणून तृण, तर टोचणारी प्रत्येक वस्तू तृण का नव्हे? यास्काचे उत्तर लोकव्यवहाराकडे बोट दाखविते: लाकूड तासणारे पुष्कळ असले तरी तक्षन् ही संज्ञा एकालाच मिळते.

इसिदोर या वादात कोणत्या बाजूचा? येथे एक अनपेक्षित गोष्ट आढळते. सिद्धान्तात तो गार्ग्याच्या बाजूचा आहे. प्राचीनांनी सर्वच नावे वस्तूच्या स्वभावास अनुसरून ठेवली नाहीत, काही केवळ मर्जीने ठेवली, जसे आपण गुलामांना किंवा शेतवाड्यांना मनास येईल ते नाव देतो, असे तो स्पष्ट सांगतो. म्हणून प्रत्येक नावाची व्युत्पत्ती सापडणार नाही. उरलेल्यांचे तो वर्ग पाडतो: काही कारणावरून, काही उगमावरून, काही विरोधावरून, काही ध्वनीवरून, काही ग्रीकमधून, काही स्थळनामांवरून, आणि काही परकीयांच्या भाषांतून आलेली, ज्यांचा उगम अंधारात राहतो. हा शेवटचा वर्ग मान्य करणे म्हणजे अज्ञानासाठी एक कप्पा राखून ठेवणे होय. यास्काच्या संप्रदायात असा कप्पा नाही. तेथे निर्वचन टाळावयाचेच नाही, रूपसाम्य न जुळले तर अर्थ धरून, पण निर्वचन झालेच पाहिजे. मात्र प्रत्यक्ष कामाला बसल्यावर इसिदोरही फारसे शब्द सोडीत नाही. सिद्धान्त गार्ग्याचा आणि हात यास्काचा, असे त्याचे वर्णन करता येईल.

काही नमुने पाहू. मनुष्यवाचक ‘होमो’ शब्द तो ‘हूमुस’ म्हणजे माती यापासून काढतो. ही व्युत्पत्ती आधुनिक तौलनिक भाषाशास्त्रासही मान्य आहे. याच मुळाशी संस्कृतातील पृथ्वीवाचक ‘क्षम्’ निगडित आहे. पण इसिदोरचे कारण ध्वनिनियमाचे नव्हते. मातीपासून मनुष्य घडविल्याची बायबलातील कथा हे त्याचे कारण होते. म्हणजे उत्तर बरोबर, रीत निराळी. गिधाडाचे ‘वुल्तुर’ हे नाव त्याच्या संथ उड्डाणावरून. मधमाश्या ‘आपेस’, कारण त्या पायांवाचून, म्हणजे ‘पेस’ वाचून, जन्मतात. मित्रवाचक ‘आमिकुस’ म्हणजे ‘आनिमी कुस्तोस’, मनाचा राखणदार. हे शेवटचे वाचून कोणास चूक म्हणावयाचे धैर्य होईल? शब्दाचा इतिहास म्हणून ते चूकच आहे. तो शब्द ‘आमारे’, प्रेम करणे, याच्या कुळातला. परंतु मित्र कसा असावा हे त्यात सांगितले गेले.

हाच धागा राजवाचक ‘रेक्स’ शब्दाकडे नेतो. ‘रेक्स’ आणि ‘रेगेरे’, शासन करणे, यांचा संबंध खरा आहे. आपला ‘राजन्’ त्याच कुळातला मानला जातो. इसिदोर मात्र तेथे थांबत नाही. ‘रेक्ते आगेरे’, नीट वागणे, यातून तो राजा काढतो: नीट वागेल तर राजा हे नाव त्याच्याकडे राहील, पाप करील तर जाईल. आपल्याकडे कालिदासाने ‘रघुवंशा’च्या चौथ्या सर्गात प्रजेचे रंजन करतो म्हणून राजा हा अर्थ सार्थ झाल्याचे वर्णिले आहे, आणि ती निरुक्ती त्याच्याही आधीची. ‘राज्’ आणि ‘रञ्ज्’ हे वेगळे धातू आहेत हे वैयाकरणास ठाऊक नव्हते असे नाही. दोन्हीकडे निरुक्तीने राजावर एक अट घातली. शब्दाच्या पोटात कर्तव्य दडविले, म्हणजे ते नाकारताना राजाला स्वतःचे नावच नाकारावे लागते.

ही केवळ पंडिती करमणूक नव्हती. गॉथांचा राजा स्विंथिला ६३१ मध्ये पदच्युत झाला आणि सिसेनांद गादीवर आला. इसिदोरच्या अध्यक्षतेखाली ६३३ मध्ये भरलेल्या तोलेदोच्या चौथ्या धर्मपरिषदेने स्विंथिलाचा त्याच्या दुष्कृत्यांबद्दल धिक्कार केला आणि पुढील राजांनाही न्यायाने वागण्याची ताकीद दिली. नीट न वागणारा राजा नाव गमावतो, हे ग्रंथातील वाक्य आणि परिषदेचा ठराव यांत अंतर थोडेच आहे. अर्थात याच स्विंथिलाची इसिदोरने आपल्या इतिहासग्रंथात काही वर्षांपूर्वी मुक्तकंठाने स्तुती केली होती, हेही विसरता कामा नये. निरुक्तीची अट बहुधा राजा पडल्यावरच लागू होते.

नावावरून हक्क आणि कुळ ठरविण्याचा प्रकार नवव्या खंडात अधिक उघड आहे. गॉथ हे नोहाचा नातू मागोग याचे वंशज, आणि यास पुरावा काय, तर नावाच्या शेवटच्या अक्षरांचे साम्य! एका परक्या लढाऊ जमातीस बायबलच्या वंशावळीत बसविण्याचे काम एका अक्षराने झाले. आपणास हसण्याचा अधिकार नाही. ‘महाराष्ट्र’ या नावाच्या व्युत्पत्तींचा इतिहास चाळून पाहावा. मोल्सवर्थच्या कोशाच्या १८५७ च्या आवृत्तीस जोडलेल्या टिपणांत डॉ. जॉन विल्सन यांनी महारांचे राष्ट्र ही उपपत्ती सुचविली, रा. गो. भांडारकरांनी रट्ठ, महारट्ठ या लोकनामांकडे लक्ष वेधले. महा म्हणजे मोठे राष्ट्र हा तिसरा पक्ष आहेच. या वादात ध्वनिपरिवर्तनाच्या चर्चेआड नेहमी एक दुसरा प्रश्न उभा असतो: हा देश मूळचा कोणाचा? राजवाड्यांच्या व्युत्पत्ती वाचतानाही हे जाणवते. त्यांची तर्कबुद्धी जेथे सर्वांत वेगाने धावते, तेथे बहुधा एखाद्या समाजाचा मूळपुरुष किंवा वसाहतीचा पहिला मानकरी शोधावयाचा असतो.

तोलेदोच्या चौथ्या परिषदेची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. संतचरित्रे ती बहुधा गाळतात. सिसेबुत राजाने ६१६ च्या सुमारास ज्यूंना सक्तीने बाप्तिस्मा घ्यावयास लावले होते. ज्ञानाशिवायचा उत्साह, अशा शब्दांत इसिदोरने त्याचा निषेध केला. परिषदेनेही यापुढे सक्ती करू नये असे ठरविले. पण जे एकदा सक्तीने ख्रिस्ती झाले त्यांनी ख्रिस्तीच राहिले पाहिजे, आणि ज्यूंची मुले आईबापांपासून काढून मठांत किंवा ख्रिस्ती घरांत वाढवावीत, असेही ठराव तिनेच केले. अध्यक्षपदी इसिदोर होता. ज्यूंच्या मताचे खंडन करणारा, बहीण फ्लोरेंतिना हिला उद्देशून लिहिलेला त्याचा ग्रंथही आहे. बाप्तिस्म्याने नाव बदलले की माणूस बदलला, मग ते नाव कोणी कसेही लादलेले असो, ही समजूत त्या ठरावांमागे आहे. तिचे मूळ इसिदोरच्या शब्दविचारात शोधणे अतिशयोक्तीचे होईल; तो त्या काळच्या चर्चचा सर्वसामान्य विचार होता. तथापि नावातच वस्तूचे सत्त्व पाहणाऱ्या पंडितास या ठरावांत काही विसंगत दिसले नसावे, असे मला वाटते. तरुण धर्मसेवकांना एकत्र राहण्याची व शिक्षणाची सोय बिशपांनी करावी, हा त्याच परिषदेचा ठराव मात्र युरोपच्या शिक्षणाच्या इतिहासात नेहमी गौरविला जातो.

भारताविषयी इसिदोर काय सांगतो? सिंधू नदीवरून देशाचे नाव, हे त्याचे विधान बरोबर आहे. तेथे वर्षातून दोन पिके निघतात, हत्ती, पोपट, हस्तिदंत, शिसवी लाकूड, दालचिनी व मिरी मिळते. आणि सोन्याचे डोंगरही आहेत, पण त्यांवर अजगरांचा व गृध्रसिंहांचा पहारा असतो. मिरीचे प्रकरण तर कोकणातील वाचकाने अवश्य वाचावे. मिरीच्या बनांवर साप राखण करतात, लोक आग लावून त्यांना पळवितात, आणि त्या ज्वाळेने मूळचे पांढरे मिरे काळे पडतात! सुपारीच्या झाडावर चढविलेला मिरवेल परसात पाहणाऱ्यास ठाऊक असते, की हिरवे दाणे उन्हात वाळवले की काळे होतात आणि पिकलेल्या दाण्यांची साल काढली की तेच पांढरे. काळेपणास कारण पाहिजे, आणि कारणास कथा. ज्या रीतीने शब्द उलगडावयाचा त्याच रीतीने येथे वस्तू उलगडली आहे. गंमत अशी, की इसिदोरच्या जन्माच्या अलीकडे-पलीकडे, सहाव्या शतकाच्या मध्यास, कॉस्मास इंदिकोप्लेउस्तेस हा अलेक्झांद्रियाचा व्यापारी मलबारच्या मिरीविषयी लिहीत होता, आणि ‘कल्लियाना’ या बंदरात, जे सामान्यतः आपले कल्याण मानले जाते, पर्शियातून नेमलेला एक बिशप असल्याचेही त्याने नोंदविले आहे. म्हणजे इसिदोर बिशपपदी बसण्याच्या अर्धशतकापूर्वी कोकणच्या किनाऱ्यावर एक बिशप होता, आणि मिरी सापांवाचून बाजारात येत होती. ही बातमी सेव्हिलला पोहोचली नाही. सोलिनुसचे पुस्तक पोहोचले. लॅटिन ‘पीपेर’ शब्दाच्या मागे ‘पिप्पली’, आपली पिंपळी, उभी आहे हेही त्याला कळण्याचा मार्ग नव्हता. तो त्याच्या त्या अंधारातल्या कप्प्यातला शब्द होता.

ग्रंथाचा पुढील प्रवास थोडक्यात सांगतो. तो आयर्लंड व इंग्लंडपर्यंत लवकरच पोहोचला. ७३५ मध्ये मृत्युशय्येवर असताना बीड इसिदोरच्या निसर्गग्रंथातील उताऱ्यांवर काम करीत होता. ‘व्युत्पत्तीं’ची जवळजवळ १००० हस्तलिखिते आज शिल्लक आहेत. नवव्या शतकात फ्रँकांच्या प्रदेशात धर्माज्ञांचा एक बनावट संग्रह तयार झाला, त्याच्या कर्त्यानेही ‘इसिदोर’ हेच नाव घेतले. खोट्या नाण्यावर विश्वासू राजाची मुद्रा उमटवावी तसे. ती लबाडी सतराव्या शतकात पुरती उघडकीस आली. इसिदोरच्या अस्थी १०६३ मध्ये सेव्हिलहून लेओन येथे नेण्यात आल्या. दान्तेने त्याला स्वर्गाच्या सूर्यमंडलात बीडच्या शेजारी स्थान दिले. ऑग्सबुर्ग येथे १४७२ मध्ये ग्रंथ छापला गेला. १७२२ मध्ये पोपने इसिदोरला चर्चच्या आचार्यांत गणले. अलीकडे त्याला इंटरनेटचा कैवारी संत म्हणण्याची प्रथा पडली आहे. तिला अधिकृत घोषणेचा आधार नाही, पण वर्ण्य विषय पाहता ती अगदीच अस्थानी नव्हे.

स्थलनामांचा अभ्यास करणाऱ्या विद्यार्थ्यास या सर्वांतून मला एक कार्यपद्धती सुचवावयाची आहे. टिपणवहीच्या एका पानावर दोन रकाने आखावेत. पहिल्यात नावाची लेखी रूपे कालक्रमाने, स्थानिक उच्चार, आणि ध्वनिनियमांनी शक्य असलेली पूर्वरूपे यांची नोंद करावी. येथे कृ. पां. कुलकर्ण्यांचा ‘मराठी व्युत्पत्ति कोश’, ब्लोकचा १९२० चा ग्रंथ आणि टर्नरचा तौलनिक कोश यांवाचून गत्यंतर नाही. पुण्याविषयी राष्ट्रकूटांच्या ७५८ व ७६८ च्या ताम्रपटांतील ‘पुण्यविषय’ व ‘पूनकविषय’ ही रूपे जशी आपणापाशी आहेत, तशी प्रत्येक गावाची मिळणार नाहीत. रकाना रिकामा राहिला तर राहू द्यावा. दुसऱ्या रकान्यात लोक काय सांगतात ते, कोण सांगतो, कोणास सांगतो आणि केव्हा सांगतो यासह लिहावे. पूर्णगडाची ‘अखेरचा किल्ला’ ही कथा या रकान्यात मोलाची ठरते. किल्ल्याचा उगम तीत नसेल. पण एका लहानशा किल्ल्याला एका मोठ्या कार्याच्या शेवटाचा मान मिळावा ही त्या परिसराची इच्छा तीत आहे. पूर्णविरामाची कथा तर छापील पुस्तक हाती आल्यानंतरची, म्हणजे आपला काळही ती आपणच सांगते. दोन रकान्यांची सरमिसळ झाली की मात्र गॉथ मागोगाचे वंशज होतात.

इसिदोरच्या बाबतीत हा दुसरा रकाना आणखी एका कारणाने समृद्ध आहे. विद्वानांचे शब्द देतानाच तो मधून मधून सामान्य लोक काय म्हणतात हेही टिपतो. मांजराला लोक ‘काट्टुस’ म्हणतात, पकडण्यावरून, असे तो लिहितो; अभिजात लॅटिनातील ‘फेलेस’ मागे पडून स्पॅनिश ‘गातो’ जन्मास येण्याची ती साक्ष आहे. त्याचप्रमाणे एकोणिसाव्या खंडात वस्त्रे सांगताना ‘कामिसिआ’ हे नाव तो देतो आणि म्हणतो, आपण ते घालून ‘कामा’वर, म्हणजे बुटक्या खाटेवर, निजतो म्हणून. व्युत्पत्ती चुकीची आहे. हा शब्द लॅटिनात सैनिकांच्या बोलीतून शिरला असावा आणि त्याच्या दोनशे वर्षे आधी जेरोमने तो वापरलेला आहे. पण या चुकीच्या वाक्यामुळेच सातव्या शतकातील स्पेनमध्ये ‘कामिसिआ’ व ‘कामा’ हे दोन्ही शब्द रोजच्या वापरात होते हे आपणास कळते. स्पॅनिश व पोर्तुगीज भाषांत ते आजही आहेत. त्याच लॅटिन शब्दाचे मानले जाणारे अरबी रूप ‘कमीस’ कुराणातील यूसुफच्या कथेत येते. तेथून फारसीच्या वाटेने निघून तो आपल्याकडे कमीज झाला, आणि कोकणात खमीस.